रिकाम्या गाडीवरचा झेंडा

मित्रांनो, मागच्या आवारात पाण्याच्या टाकीशेजारी जी काळी, लांबलचक आणि नाकावर चेमटलेली मोटार उभी आहे ना, ती मी. माझ्या चाकांत आता हवा नाही, पण स्वभावात थोडी शिल्लक आहे.

कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या मोटारींपैकी कोणी डॉक्टरकडे गेली, कोणी टॅक्सी झाली. मी मात्र राजदूतांच्या कचेरीत लागले. राजदूतांच्या मोटारीला नव्वद टक्के काम उभे राहण्याचे असते आणि उरलेले दहा टक्के सावकाश जाण्याचे. तरीही रस्त्यात लोक वळून बघत, कारण माझ्या बॉनेटवर झेंडा असे.

त्या झेंड्याचा एक कडक नियम होता. राजदूत गाडीत बसले की झेंड्यावरची खोळ काढायची, उतरले की लगेच घालायची. रिकाम्या गाडीवर झेंडा म्हणजे घोर अपमान. माझे चालक, ज्यांना सगळे काका म्हणत, हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळत. एकदा एक राजदूत चष्मा विसरले म्हणून दोन मिनिटे उतरले, तर काकांनी खोळ चढवली.

"अहो, मी आलोच की!" राजदूत म्हणाले.

"आलात की काढतो," काका म्हणाले.

पुढे नवी मोटार आली. माझी झेंड्याची काठी स्क्रू काढून तिच्यावर बसवली गेली आणि मी कागदाचे गठ्ठे नि पाण्याच्या बाटल्या वाहू लागले. वाईट वाटले. पण मोटारीला रडता येत नाही, फक्त तेल गळते. ते मी गाळले.

त्या वेळी आमच्या राजदूत एक बाई होत्या. शेजारच्या दोन देशांत नऊ वर्षे लढाई चालली होती आणि बाईंनी दोघांना समजावत, दटावत, चहा पाजत तहापर्यंत आणले होते. सह्या सभागृहात, सकाळी अकरा वाजता व्हायच्या होत्या. भाषांतराच्या काचेच्या खोलीत काकांची मुलगी बसणार होती. काकांनी तीन दिवस आधीच कोटाला इस्त्री केली होती. तो कोट घालून त्यांना सभागृहाच्या फाटकाबाहेरच थांबायचे होते, ही गोष्ट वेगळी.

सह्यांच्या तीन दिवस आधीच बाईंना एक निनावी फोनही आला होता. "तह होऊ देणार नाही. आमची गाडी आत जाईल आणि तिला कोणी अडवणारही नाही." बाईंनी तो सुरक्षाप्रमुखांना कळवला. ते हसले. "बाई, आम्ही मुंगीसुद्धा तपासून सोडतो."

सह्यांच्या दिवशी नवी मोटार सुरूच होईना. 'चालक गाडीत नाही' असे ती पडद्यावर लिहून दाखवू लागली. काका आत बसून तिच्याशी अर्धा तास वाद घालत होते. शेवटी बाई धावत माझ्याकडे आल्या. मित्रांनो, माझे इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले! म्हातारपणी कोणी हाक मारली की असे होते.

दहा वाजून वीस मिनिटे. आम्ही चौकात सिग्नलला थांबलो होतो. उजवीकडून नव्या मोटारीसारखीच एक काळी मोटार गेली. बॉनेटवर आमचाच झेंडा फडफडत होता.

"बाई," काका एकदम ताठ झाले, "तो झेंडा आपला. पण मागे कोणीच बसलेलं नाही."

"आपल्या कचेरीतलंच कोणी असेल हो, काका."

"आपल्यातलं कोणी रिकाम्या गाडीवर झेंडा लावील? बावीस वर्षं झाली मला. भांडी घासणारी मावशीसुद्धा लावणार नाही!"

बाईंना तो निनावी फोन आठवला. "फाटकावर सगळं तपासतात. फक्त एक गोष्ट तपासत नाहीत, काका. झेंड्याची गाडी."

त्यांनी सुरक्षाप्रमुखांना फोन लावला. वाजत राहिला. प्रमुखांनी सुरक्षेसाठी सगळ्यांचे फोन काढून एका टोपलीत ठेवले होते. नियम म्हणजे नियम, म्हणून स्वतःचाही.

"माझी पोर आत आहे," काका म्हणाले. त्यांनी मला गल्लीत घातले.

काय सांगू! भाजीबाजारातून गेले, कोबी उडाले. सुतारांच्या गल्लीतून गेले, खुर्च्या उचलून लोक भिंतीला चिकटले. "अहो आजोबा, मरायचंय का?" एक सुतार ओरडला. "आज नाही!" काका ओरडले. जन्मभर सावकाश चाललेली मी, त्या दिवशी मला कळले की माझ्यात चौथा गिअरही आहे. खोटी मोटार मात्र मुख्य रस्त्याने ऐटीत, हळू चालली होती. झेंड्याच्या गाडीने धावायचे नसते, एवढे त्या लोकांनी बरोबर शिकून घेतले होते.

आम्ही फाटकावर आधी पोचलो. पहारेकऱ्याने हात केला.

"बाजूला लावा. तपासणीची रांग तिकडे."

"मी राजदूत आहे!" बाई खिडकीतून म्हणाल्या.

"असाल. पण झेंडा कुठाय?"

तेवढ्यात मागून झेंडा आला. पहारेकऱ्याने कडक सलाम ठोकला आणि फाटकाचा दांडा वर गेला. काकांनी विचार केला नाही. मला आडवी फाटकात घुसवली. खोट्या मोटारीने ब्रेक मारला, तरी तिचे तोंड माझ्या नाकावर आदळलेच.

बाई उतरल्या आणि साडी सावरत थेट तिच्या चालकापाशी गेल्या. "राजदूत कुठे आहेत?"

"मागे... झोपलेत," तो म्हणाला.

"झोपलेल्या राजदूताला उठवू का मी?" बाईंनी मागचे दार खेचले. सीटच्या जागी तारा, डबे आणि एक घड्याळ होते. तो माणूस पळाला. पहारेकऱ्याने त्याला सलामाच्याच हाताने पकडला.

घड्याळ अकराला लावलेले होते. उरली होती सतरा मिनिटे. स्फोट थांबवणारे तज्ज्ञ पोटावर सरपटत आले. सभागृह रिकामे होऊ लागले. आतल्या कर्ण्यावर दोन्ही भाषांत एकच शांत आवाज येत होता. "डावीकडून चला. धावू नका." तो काकांच्या मुलीचा आवाज होता. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ती बोलत राहिली.

"लांब व्हा, काका!" शिपाई ओरडत होते. काका माझ्या दाराला धरून उभे. "ती आली की होतो."

ती सगळ्यांत शेवटी आली, तेव्हा चार मिनिटे उरली होती. दोन मिनिटे उरली असताना तज्ज्ञाने हात वर केला. तार कापली गेली होती. "बाबा, हा कोट कशाला घातलात उन्हात?" मुलगी म्हणाली आणि मग दोघेही रस्त्यातच बसले.

सभागृह तपासणीसाठी बंद झाले. दुसरी जागा ठरवायला समिती नेमावी लागली असती, आणि समितीपेक्षा लढाई लवकर संपते. म्हणून बाईंनी तहाचे कागद सरळ माझ्या बॉनेटवर मांडले. दोन्ही मंत्र्यांनी दुपारी तीनला तिथेच सह्या केल्या. मुलगी मध्ये उभी राहून दोघांचे बोलणे एकमेकांना सांगत होती. एकाचे पेन उमटेना, म्हणून त्याने ते झटकले आणि निळ्या शाईचा मोठा थेंब माझ्यावर पडला.

वर्तमानपत्रात फोटो नव्या मोटारीचा आला. चालायचेच.

मित्रांनो, उपदेश मला जमत नाही. एक विनंती करते. कधी इकडे आलात तर माझी धूळ पुसा, काचा धुवा, चाकांवर चढून खेळा हवे तर. बॉनेटवरचा तो निळा डाग मात्र घासू नका. त्यासाठी दोन देशांनी नऊ वर्षे वाट पाहिली आहे.