मुक्या वर्षांची बाटली

गुरुवारी दुपारी सून बाजाराला गेली आणि वेरानने तळघरातल्या मांडणीची दोरी सोडली. तळघर त्याचं, वाईन त्याची, दोरीही त्यानेच बांधलेली. तरी पायऱ्या उतरताना त्याने बूट काढून हातात घेतले होते, हे खरं.

दोरीचा नियम त्याच्या आजोबांच्याही आधीचा. दक्षिण फ्रान्समधल्या बांदोलच्या या डोंगरउतारावर मूर्वेद्र नावाचं काळं, जाड सालीचं द्राक्ष पिकतं. त्याची वाईन सरळ स्वभावाची नाही. बाटलीत भरली की पहिलं वर्षभर तिला पिकल्या तुतींचा असा घमघमाट येतो की शेजारीपाजारी निमित्त काढून चौकशीला येतात. मग एके दिवशी ती तोंड मिटून घेते. घरातले म्हणत, झोपली. झोपली की मांडणीला काथ्याची दोरी बांधायची, आणि तोडणीनंतरचा दहावा हंगाम उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. दोरी सुटते तेव्हा जांभळा रंग विटकरी झालेला असतो. तुती गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी जुनं चामडं, सुकी अंजिरं, पावसात भिजलेलं रान असलं काहीबाही आलेलं असतं. वेरानने सगळा जन्म वाईन करण्यात घालवला, पण झोपलेली वाईन कशी लागते हे त्याला माहीत नव्हतं. झोपलेल्याला उठवायचं नसतं, एवढंच त्याला बापाने शिकवलं होतं.

आज त्याने नियम मोडला तो फ्लोराँसाठी. फ्लोराँ त्याचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टात वरच्या बांधावरून ट्रॅक्टरसकट खाली आला आणि गेला. वेलींवर द्राक्षं तशीच लटकत होती, त्याने छाटलेली, त्याने विरळलेली. म्हातारा खाटेवरून उठेना, तेव्हा सुनेने, नादेजने, एकटीने तोडणी केली आणि वाईनही केली. तिची ती पहिली वाईन, आणि फ्लोराँच्या हातची शेवटची द्राक्षं. दहावा हंगाम यायला अजून चार वर्षं होती. पण वसंतात डॉक्टरने वेरानच्या छातीला नळ्या लावून पाहिलं आणि नंतर बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तेव्हाच वेरान काय ते समजला. चार वर्षं आपल्यापाशी नाहीत. मरण्याआधी पोराला एकदा भेटायचं होतं, आणि तो आता दुसरीकडे कुठे भेटणार होता?

त्याने बूच काढलं, पेला नाकाशी नेला. काहीच नाही. घोट घेतला. ओल्या दगडाचा वास, जिभेवर अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा, बस्स. पुन्हा घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. पोरगा त्यात नव्हता. म्हाताऱ्याला रडू यायला हवं होतं, पण आला तो संशय.

झोपलेली वाईन म्हणजे कमी केलेला दिवा, असं तो धरून चालला होता. इथे तर दिवाच नव्हता. म्हणजे ही ती वाईनच नव्हे.

त्याने कंदील वर धरून मांडणी न्याहाळली, आणि मनात पाल चुकचुकली. वर्षानुवर्षं आडव्या पडलेल्या बाटलीत गाळ खालच्या अंगाला धरतो. सगळ्या बाटल्यांना तो खाली होता. एकीला मात्र काळा पट्टा वरच्या बाजूला दिसत होता. म्हणजे तिला कुणीतरी उचललं होतं आणि घाईत उलटं ठेवलं होतं. किल्ल्या दोन, एक त्याच्याकडे आणि एक नादेजकडे.

"पाणी कुठेतरी मुरतंय," तो स्वतःशी पुटपुटला. उघडलेल्या बाटलीला त्याने कागदाचा बोळा लावला आणि ती अवजारांच्या खोपटात मोरचुदाच्या पोत्यांमागे लपवली.

संध्याकाळी सूपवर फुंकर घालत त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "फ्लोराँच्या वर्षाची वाईन आता कशी झाली असेल गं?"

नादेजच्या हातातली पळी भांड्यात पडली. "झोपलीय ती, बाबा," ती म्हणाली. "झोपू द्या तिला." एवढं बोलून ती ब्रेड आणायला गेली, ब्रेड टेबलावर असताना.

झालं, संशयाचं भूत म्हाताऱ्याच्या मानगुटीवर बसलं. येत्या सोमवारी त्याला नोटरीकडे जाऊन सगळा मळा नादेजच्या नावावर करायचा होता. कागद तयार होते, फक्त सही राहिली होती.

सकाळी तो थोरल्या बहिणीकडे, फिलोमेनकडे, गेला. ती खालच्या वळणावर राहायची. अंगणात बसून हिरवे ऑलिव्ह लाकडी हातोडीने ठेचत होती. मळा नादेजला मिळाला नाही तर तो फिलोमेनच्या मुलाला, गास्पारला, जाणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वेरानलाही ठाऊक होतं. पण माणसाला रडायला एक घर लागतं, आणि त्याचं घर तेवढंच.

त्याने सगळं सांगितलं. ती ठेचत राहिली.

"चव कशी होती?" तिने विचारलं.

"ओला दगड चाटल्यासारखी. वर अक्रोडाची साल."

हातोडी वरच्या वर थांबली. मग हळूच खाली आली.

"मासळीवाल्याची पोर ती," फिलोमेन म्हणाली. "दर गुरुवारी गाडी भरून सानारीला बापाच्या दुकानी जाते. काय नेते, कधी बघितलंस? चांगला माल खाली बंदरावर, आणि तुझ्या फळीवर कुठलं तरी धुवण. मी कशाला बोलू, मला आपलं वाटलं ते सांगितलं."

"रविवारी जेवायला ये. तिच्यासमोर बाटली ठेवतो. सोमवारच्या आत निकाल लागला पाहिजे."

"बाटली कशाला ठेवतोस? ओतून टाक आजच. तोवर तिचं व्हिनेगर होईल, मग सूनच म्हणेल की बाबांनी नासवली."

"पुरावा कुणी ओतून टाकतं का?"

"ओत म्हणते ना!" फिलोमेन एकदम तडकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जाऊ दे. तुझी बाटली, तुझी सून."

त्या दोन दिवसांत नादेजने जे जे केलं ते ते वेरानला गुन्ह्यासारखं दिसलं. शुक्रवारी तिने नेहमीसारखा उकडलेला मासा आणि अंडं घालून घोटलेली लसणाची दाट चटणी केली. लसूण जरा जास्त पडला होता. म्हाताऱ्याची जीभ मारायचा डाव आहे, वेरानने ताडलं. शनिवारी तिने गाडीत चादरीखाली झाकून एक पेटी ठेवली. ती आत वळताच त्याने चादर उचलली. खाली डाळिंबं होती, तिच्या बापासाठी. तेवढ्याने वेरानचं समाधान झालं म्हणता? उलट तो जास्तच चरफडला. डाळिंबं काय कुणी झाकून नेतं? ती गाणं गुणगुणली तर निर्लज्ज, गप्प राहिली तर कावेबाज. ही तीच पोर, जिने सहा वर्षं त्याच्या औषधाच्या गोळ्या विसरू दिल्या नव्हत्या. ते त्याला आठवायचं, नाही असं नाही. पण गोळ्या देणारी माणसंच शेवटी सह्या घेतात, असंही मग मनात यायचं.

रविवारी उत्तरेचा वारा सुटला होता. दारं-खिडक्या आपटत होत्या. फिलोमेन एकटीच आली, गास्पार रानडुकराच्या शिकारीला गेला होता. नादेजने थाईमच्या काड्या खोचून मेंढीची तंगडी भाजली होती. तिने ताटं वाढली आणि बसणार तेवढ्यात वेरानने टेबलाखालून ती बाटली काढून मधोमध ठेवली.

नादेज उभीच राहिली.

"ओळखतेस?" वेरानने विचारलं.

"बाबा, तुम्ही दोरी सोडलीत?"

"मी सोडली. माझ्या आधी कुणी सोडली ते सांग. एका बाटलीचा गाळ वर आलाय. आणि आत जे काही भरलंय त्यात माझा मुलगा नाही. कुठे विकलीस त्याची वाईन? बंदरावर?"

फिलोमेन ताटाकडे बघत होती. नादेजचा चेहरा पांढरा पडला. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"विकली नाही," ती म्हणाली. "एक उघडली. गेल्या ऑगस्टात, त्याच्या दिवसाला. मला त्याचा वास हवा होता, बाबा. शर्टांचा धुऊन धुऊन गेला. तुम्ही म्हणता तसंच झालं, तो त्यात नव्हताच, नुसता ओला दगड. मला वाटलं मीच मारली. त्याची शेवटची द्राक्षं माझ्या हाती आली आणि मी त्यांची माती केली. मासळीवाल्याची पोर मी, मला काय कळतंय. अर्धा पेला प्यायले नि बाकीची त्याच क्षणी मोरीत ओतली. मागच्या रांगेतली एक बाटली पुढे सरकवली, तुम्हाला खिंडार दिसू नये म्हणून. तुमच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही."

"चोराच्या मनात चांदणं," वेरान म्हणाला, पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता. त्याने कागदाचा बोळा उपटला आणि तिच्या पेल्यात ओतलं. "घे. पी माझ्यासमोर, आणि सांग की हीच फ्लोराँची वाईन आहे."

नादेजने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. ती प्यायली नाही. तिने डोळे मिटले, उघडले, आणि पेला टेबलावरून सासऱ्याकडे सरकवला.

वेरानने नाक पेल्यात घातलं.

तुती होत्या, खोल कुठेतरी. मग चामडं आलं, फ्लोराँचं ते कोपरावर फाटलेलं जाकीट, पावसातून आल्यावर तो चुलीपाशी टांगायचा तेव्हाचं. मग रगडलेलं थाईम, वरच्या बांधावर बूट पडले की उठायचं तसं. हे ताटातलं थाईम नव्हतं, तो फरक वेरानला झोपेतही कळला असता. त्याच्या छातीत कळ आली आणि ही डॉक्टरची नव्हे, हेही त्याला कळलं. पोरगा आला होता. उशिरा, नेहमीसारखाच उशिरा, पण आला होता.

आणि तरी, खोड जाता जाईना, म्हातारा मान वर करून म्हणाला काय, तर, "ही बाटली खोपटातून कुणी बदलली?"

"अरे, कोण बदलतंय!" फिलोमेन वैतागून ओरडली. "तिसऱ्या दिवशी बोलायला लागतेच ती!"

बाहेर एक झडप आपटली.

"तुला कसं ठाऊक, फिलो?" वेरानने विचारलं.

फिलोमेनने ब्रेडचा तुकडा उचलला, खाली ठेवला.

"आई आणि मी," ती शेवटी म्हणाली. "दर उन्हाळ्यात एक. तुम्ही पुरुषांनी दोरी बांधली आणि तळघर झाडायचं काम बायकांना दिलं, मग काय होणार? पहिल्या खेपेला मी तोंड वाकडं केलं. आई म्हणाली, थांब, चुलीमागे ठेव. पहिल्या दिवशी मुकी, दुसऱ्या दिवशी कुरकुरते, तिसऱ्या दिवशी बोलते. आपल्या बाबांना सांगितलं असतं तर हातपाय मोडले असते आमचे. तुझ्या लग्नाच्या वर्षाचीसुद्धा आम्ही प्यायलो. सहाव्या वर्षी अशीच होती, अगदी अशीच."

"म्हणजे शुक्रवारी मी तुझ्या अंगणात बसून सांगत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"म्हणून ओतून टाक म्हणत होतीस."

तिचे ऑलिव्हने काळे पडलेले हात मांडीत पडले होते.

"गास्पार माझा मुलगा आहे, वेरान," ती म्हणाली. "त्याच्यापाशी काही नाही. तुला कळायला हवं."

गेले तीन दिवस वेरानने सगळ्या घरावर पहारा ठेवला होता, चादरी उचलून बघितल्या होत्या, लसणाच्या पाकळ्या मोजायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. आणि जिच्यावर संशय घ्यायचा तिच्याच अंगणात जाऊन तो मन मोकळं करून आला होता. त्याला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच, आणि त्यातली बरीचशी लाज होती.

त्याने खिशातून तळघराची आपली किल्ली काढली आणि नादेजच्या ताटाशी ठेवली.

"दोन किल्ल्यांची गरज नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी नोटरीकडे गाडी तूच चालव. माझा हात थरथरतो." मग त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ते जमेना. "लसूण बरोबर होता शुक्रवारी," तो म्हणाला.

नादेज रडत होती की हसत होती, ते नीट कळत नव्हतं. तिने किल्ली उचलली नाही, नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. "दोरी पुन्हा बांधू या, बाबा," ती म्हणाली. "पण दर वर्षी त्याच्या दिवसाला एक काढू. तीन दिवस आधी."

"बांध. गावाला दिसायला हवी दोरी."

फिलोमेन उठली. खुर्चीवरची शाल तिने खांद्यावर घेतली. दारापर्यंत जायला तिला टेबलाला वळसा घालावा लागणार होता, आणि तेवढं अंतरही तिला जड झालेलं दिसत होतं.

"बस," वेरान म्हणाला. "मांस निवतंय."

ती उभीच राहिली. तेव्हा त्याने बाटलीतली शेवटची वाईन पेल्यात ओतली, गाळ बाटलीत राहील इतक्या सांभाळून, आणि पेला तिच्या रिकाम्या जागेपाशी सरकवला.

"घे. तुझा भाचाच होता तो."

फिलोमेनने पेला दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. फ्लोराँला पहिली पावलं तिने आपल्या अंगणात टाकायला लावली होती, ऑलिव्हच्या पाट्यांमधून. ती बसली. बराच वेळ तिने पेला तोंडाला लावलाच नाही, नुसता धरून ठेवला, आणि नादेजने तिच्या ताटात मांसाचा तुकडा वाढला.