दिराच्या खिडकीखालून

वहिनींची साखर खाली यायचं नाव घेत नव्हती. आता ती डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचली होती. पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या बाईचे डोळे गेले तर तिने करायचं काय? पण दवाखान्यातली सल्ल्याची छापील पत्रकं त्या घरी आणत आणि कपाटाच्या खणात अंथरत. वर ती तिरकी कापलीत म्हणून चडफडत.

मग तिथे नवी सल्लागार आली, पोरगेलीशी. तिने पत्रक दिलंच नाही.

"कोणासाठी बरं व्हायचंय तुम्हाला?"

"कोणासाठी नाही. मूलबाळ नाही, नवरा गेला."

"मग कोणाच्या नाकावर टिच्चून?"

वहिनी पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसल्या. "दिराच्या," म्हणाल्या.

नवरा शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा या दिराने छापखान्याचं कुलूप बदललं होतं. नवरा-बायकोने रक्ताचं पाणी करून उभा केलेला छापखाना, आणि वहिनींना त्यात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. आता त्या दुसऱ्याकडे रोजंदारीवर पुस्तकं शिवत होत्या.

"राहतात कुठे ते?"

"छापखान्याच्या वरच. चालत वीस मिनिटं."

सल्लागार मुलीने लिहून दिलं: रोज सकाळी दिराच्या घरावरून जाऊन येणे, मान वर ठेवून. चहात साखर बंद. तोंड गोड करायचं ते त्याचा उतरलेला चेहरा बघून.

हा सल्ला वहिनींना मानवला. वर्षभर चालल्या. साखर उतरली, ब्लाउज दोनदा शिवून घट्ट करावे लागले. दीर खिडकीत चहा पीत बसलेला असे आणि त्या दिसल्या की पेपर तोंडासमोर धरी. मग वहिनींचा दिवस मजेत जाई.

एके दिवशी खिडकी बंद दिसली, ती बंदच राहिली. दोन महिन्यांनी धाकटी जाऊ रस्त्यात भेटली. दिराला अर्धांगवायू झाला होता.

"व्यायाम करतच नाहीत हो, ताई. जगून काय करू म्हणतात. भिंतीकडे तोंड करून पडतात नुसते."

वहिनींचं डोकं फिरलं. इतक्या स्वस्तात सुटायचं म्हणतोय? दोन दिवस त्यांना फिरायला जावंसंच वाटेना. तिसऱ्या दिवशी चहात तीन चमचे साखर घातली, एक घोट घेतला आणि हबकल्या: दीर गेला तर आपलं चालणंही गेलं. चहा मोरीत ओतून त्या तडक दिराकडे गेल्या.

खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"भाऊजी, सावकाश मरा, घाई नाही. तुम्ही गेलात की छापखाना धाकटी माझ्या हाती देणार आहे. आत्ताच बोलणं झालं. आधी तुमची पाटी उतरवणार, मग ह्यांची लावणार."

हे धडधडीत खोटं होतं. जाऊ दारात आ वासून उभी होती.

दिराची मान वळली. डोळे लाल झाले. दोन महिने लाकडासारखा पडलेला उजवा हात थरथरत चादरीवरून उठला, आणि त्याने वहिनींना बोटाने दार दाखवलं.

"अजून वर," वहिनी म्हणाल्या. "खांद्यापर्यंत जायला हवा. उद्या याच वेळेला येते."