न दिलेला प्रसाद

हिलालबुवांचा ताप उतरून तिसरा दिवस होता. विषमज्वराचे तीन आठवडे सरलाबाईंनी त्यांना जपलं होतं. अंग पुसायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, पाणी उकळायचं, दोन्ही वेळा ताप मोजून तक्त्यावर लिहायचा. तालुक्याच्या त्या दवाखान्यात नोंदणी झालेल्या नर्स त्या एकट्याच.

तिकडे कळसाडी गावचा सप्ताह बुवांच्या कीर्तनाविना उरकला होता. काल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथले पितांबर पाटील प्रसादाची वाटी घेऊन आले. दही, लाह्या, वर लोणच्याची फोड. बुवांनी पडल्यापडल्याच हात पुढे केला. सरलाबाईंनी वाटी मधेच घेतली, कपाळाला लावली आणि खिडकीत ठेवली.

“हाई काय, बाई? परसाद शे, इख नही,” पाटील म्हणाले.

“यांच्या आतड्यात जखमा आहेत, आबा. अजून आठ दिवस नुसती पेज.”

“ताप ते उतरी गया.”

“तुमच्या गावच्या त्या पोराचा, भिलाचाही उतरला होता. आईनं चोरून भाकरी चारली. खांदा तुम्हीच दिलात.”

बुवांना धीर नव्हता. “माले भूक लागी ऱ्हायनी, बाई. देवना परसाद खाईसन कोनी मरस का?”

“देव नाही मारणार, बुवा. लाही मारेल.”

पाटलांचा आवाज चढला. “कीर्तनमा सर्वास्ना पुढे बसस, आन् परसाद अडावस? दवाखानानी कमेटीमा मी शे. तुन्ही नोकरी ऱ्हावाव नही.”

सरलाबाईंनी तक्ता काढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “दुपारी काल्याचा प्रसाद आणला. मी दिला नाही.” खाली नाव घातलं, नोंदणीचा नंबर घातला.

“तक्रारीत हेच लिहा, आबा. नंबर चुकवू नका. आणि विठ्ठलाला रुसायचंच असेल तर माझ्यावर रुसू दे. त्याची समजूत मी घालीन.”

“मी आठेच बठस,” पाटलांनी स्टूल ओढलं. “देखस, कशी देत नही ते.”

“बसा. पेजेची वेळ झालीच आहे. मी यांचं डोकं उचलते, तुम्ही पेला धरा.”

पाटलांच्या हातात पेला आला तो आलाच. बुवांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “मीठ बी नही.”

“गिळ ना, हिलाल,” पाटील खेकसले. मग सरलाबाईंकडे न बघता म्हणाले, “तक्रार मी करसूच.”

“करा. आधी पेला सरळ धरा, सांडतंय.”