बाईंची दुसरी दाद

मित्रांनो, केतकीताईच्या व्हिडिओंत तिच्या मागे जो जुना तंबोरा उभा दिसतो ना, तो मीच. मी मूळचा मिरजेचा. भोपळा वाळवून, दांडी जोडून मला घडवले आणि घरोघरी केबल आली त्या सुमारास केतकीचे बाबा, अविनाशराव, मला रेल्वेने सिकंदराबादला घेऊन आले. त्यांना गायचे होते. नोकरीत ते राहूनच गेले. पुढे केतकी दहा वर्षांची झाली आणि मलकपेठेत मंगलाबाईंकडे गाणे शिकू लागली. दर रविवारी ऑटोत आडवा पडून मीही जायचो. त्या खड्ड्यांचे तर नावच काढू नका.

बाई कडक. शिकवताना शिष्याला दाद द्यायची नाही, हा त्यांचा नेम. गाणे तयार झाले की 'वाह' आपोआप तोंडून निघेल, म्हणायच्या. त्या एका 'वाह'ची केतकीने अकरा वर्षे वाट पाहिली.

मग तिच्या हातात फोन आला. ती मिनिटभर गायची आणि हजारो लोक बघायचे. साथीला आवाज फोनमधल्या तंबोऱ्याचा. माझ्या तारा सैल, मी नुसता शोभेला. सुरुवातीला मला राग यायचा, पुढे तोही येईनासा झाला. रविवारही चुकू लागले.

अशातच बाई कायमच्या पुण्याला, मुलाकडे निघाल्या. त्या दिवशी केतकी मला घेऊन त्यांच्या घरी गेली. बाईंनी आधी माझ्या तारा लावल्या. केतकीने फोन स्टँडवर लावला.

"बाई, थोडं उजेडाकडे सरका ना."

"हौ, सरकते. तू गा तर."

केतकी गाऊ लागली, नजर फोनवर ठेवून. पण हळूहळू तिचे डोळे मिटले. किती दिवसांनी तिचा सूर माझ्या सुरात मिसळला. आणि बाई म्हणाल्या, "वाह."

केतकीने डोळे उघडले आणि पाहिले ते फोनकडेच. जागा भरल्यामुळे तो मध्येच थांबला होता. तिने भराभर जुने व्हिडिओ पुसले.

"बाई, परत एकदा म्हणाल का? हे आलंच नाही."

"काय म्हणू?"

"ते... वाह."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणते की. लवकर कर, गाडीचा वक्त झाला."

केतकी पुन्हा गायली. बाईंनी पुन्हा 'वाह' म्हटले, अगदी त्याच जागेवर. मग त्यांनी पिशव्या उचलल्या.

तो व्हिडिओ साठ हजार लोकांनी पाहिला. केतकी तो रोज लावते आणि मध्येच थांबवते. परवा ती अविनाशरावांना म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा कशा म्हणाल्या होत्या, ते आठवतच नाही. रडूही येत नाही."

मला आठवते. पण 'प' आणि 'सा' यांपलीकडे मला काही बोलता येत नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे होईल, नाही पुसलीत तरी चालेल. पण कोणी समोर बसून तुमचे गाणे ऐकत असेल, तर डोळे उघडल्यावर आधी त्यांच्याकडे बघा.