राखीव डब्याची पिन

मित्रांनो, मला सगळे डबा म्हणतात, पण माझ्यात जेवण नसते. मी एका गिटारवाल्याच्या पायाखालचा जुना पत्र्याचा डबा आहे. गिटारीची वायर माझ्या एका कानात खोचतात आणि दुसऱ्या कानातून सूर बाहेर जातो. मधल्या मधे मी तो लांबवतो व जरासा खरखरीत करतो. यापलीकडे मला काही येत नाही. माझ्या डोक्यावरचे बटण पायाने दाबतात, त्याचे मी कधी वाईट वाटून घेतले नाही. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात.

मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मामांनी भाच्यासाठी घडवले. शेवटचा डाख देऊन झाल्यावर ते म्हणाले, "याला चालू-बंद करायचं वेगळं बटण ठेवलेलं नाही. गिटारीच्या वायरीची पिन याच्या कानात खोचली की हा जागा, काढली की झोपला. तुझा विसरभोळेपणा ओळखून केलंय." भाचा हसला. मामांचे हे बोलणे पुढे फक्त माझ्या लक्षात राहिले.

भाच्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, गायची आणि हा साथीला वाजवायचा. लहानमोठ्या सभागृहांतून आम्ही बरीच वर्षे फिरलो. ताईच्या शेवटच्या गाण्याआधी मी एकच लांब सूर धरायचो आणि त्याला टेकून ती आवाज लावायची. लोक तिचे कौतुक करत, कधी गिटारीचेही करत. डब्याचे कौतुक कोण करणार?

मग घरात प्रोसेसर आला, म्हणजे माझेच काम करणारे नवे यंत्र. त्याला छोटा पडदा होता आणि पोटात शेकड्यांनी आवाज होते. त्यांत माझाही आवाज होता, आणि खोटे कशाला बोलू, तो माझ्यापेक्षा स्वच्छ होता. माझी रवानगी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात झाली. तिथे तारांची भेंडोळी होती आणि कुणीतरी विसरलेले अर्धे चॉकलेट होते. माझ्यावर अन्याय वगैरे काही झाला नाही. वस्तूंचे असेच असते.

त्यानंतर ताईच्या घशाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी तिला बोलायचीही बंदी केली. कित्येक आठवडे घरात नुसत्या खाणाखुणा चालल्या. पुढे आवाज परत आला, पण सुरुवातीला तो घसरायचा. कानात आधी सूर मिळाला तरच जागेवर बसायचा. तरीही तिने पुन्हा कार्यक्रम ठरवला. "लोकांसमोर घसरला तर मी परत उभी राहणार नाही," ती भावाला म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."

दोघे जेवणाच्या टेबलावर सगळे सामान मांडून बसले. ताई एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारू लागली. "ही तार तुटली तर? ही वायर गेली तर? आणि हे यंत्र बंद पडलं तर?"

"ताई, ते कशाला बंद पडेल? नवं कोरं आहे."

"मीही धडधाकटच होते की."

म्हणून मला बाहेर काढले. भाच्याने बेत चांगला केला, हे मान्य केले पाहिजे. प्रोसेसर विजेवर आणि मी बॅटरीवर, म्हणजे वीज गेली तर आम्ही दोघे एकदम बुडणार नाही. जास्तीची एक वायर त्याने माझ्या कानात आधीच खोचून ठेवली. वेळ आली तर तिचे दुसरे टोक गिटारीत घालायचे, एवढेच काम उरले. त्याने मला वाजवून पाहिले, म्हणाला, "चला, डब्याला नोकरी लागली," आणि पिन तशीच ठेवून मला पिशवीत घातले.

त्या दिवसापासून मी जागा होतो. पिशवीच्या अंधारात माझी बॅटरी थोडीथोडी संपत गेली. मला ते कळत होते, सांगता येत नव्हते.

कार्यक्रमाआधी ताईने विचारले, "डबा वाजवून बघितलास?"

"बघायचंय काय त्यात? ही बघ, पिनसुद्धा खोचलेली आहे."

ताईने विश्वास ठेवला आणि भाच्याने मला स्पीकरला जोडून प्रोसेसरशेजारी ठेवले. शेवटच्या गाण्यापर्यंत सगळे सुरळीत चालले. मग भाच्याने प्रोसेसरवर पाय ठेवला आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळाने त्यावर कंपनीचे चिन्ह गरगर फिरू लागले. भाच्याचे हात मात्र चुकले नाहीत. त्याने गिटारीतली वायर उपसली, माझी घातली आणि मला दाबले. माझा दिवा लागला नाही. त्याने पुन्हा दाबले.

मित्रांनो, बॅटरी संपली म्हणजे फक्त आवाज जातो, ऐकू सगळे येते. एक खुर्ची करकरली. ताईने श्वास घेतला आणि तसाच धरून ठेवला.

भाच्याने वायर खाली टाकली. तो गिटार घेऊन ताईच्या अगदी जवळ, तिच्या कानाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने तार छेडली. वायरीशिवाय या गिटारीचा आवाज हातभर अंतरावर विरून जातो. सभागृहाला काहीच ऐकू गेले नाही, पण ताईला गेले. तिचा आवाज लागला आणि नेमका जागेवर बसला. सूर लांबवायला मी नव्हतो, म्हणून तो तीच तार पुन्हा पुन्हा हळूच छेडत राहिला. दुसऱ्या कडव्यात प्रोसेसर जागा झाला. साउंडवाल्या काकांनी हात हलवून भाच्याला परत जागेवर बोलावले. तो जागचा हलला नाही.

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत तो मला मांडीवर घेऊन बसला. मामांचे पिनेबद्दलचे बोलणे त्याला आता आठवले होते. "पिन मी मुद्दामच आत ठेवली होती गं," तो म्हणाला. "कायम तयार राहावा म्हणून."

ताईने माझ्या कानातली पिन ओढून काढली. "आणि मला डॉक्टरांनी इतके दिवस गप्प कशासाठी बसवलं होतं?" ती म्हणाली. "तयार राहावं म्हणूनच ना?"

आता प्रत्येक कार्यक्रमाआधी एक गाणे माझ्यातून वाजवून पाहतात आणि मग पिन काढतात. ताजी बॅटरी ताईच्या पर्समध्ये असते. माझी खरी गरज अजून पडलेली नाही, आणि न पडली तर बरेच. तुम्हीही अडीअडचणीसाठी एखादी वस्तू राखून ठेवली असेल, तर तिला अधूनमधून काम द्या आणि काम झाले की निजू द्या. माझे एवढेच मागणे आहे.

ताईच्या कानाशी वाजलेली ती तार मीही ऐकली. माझ्यातून गेली असती, तर ती सगळ्यांची झाली असती.