डाव्या बाजूचा डबा

देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर दोन सारखे डबे होते. उजवीकडचा रंजनाच्या सृष्टीचा, डावीकडचा तिची धाकटी जाऊ स्नेहा हिच्या हर्षालीचा. दोघी पोरी दहा वर्षांच्या आणि दोघींचं चित्त कधी थाऱ्यावर नाही. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी एका अभ्यासासाठी सहा आठवडे ते डबे दिले होते. आतला ओल्या स्पंजाचा पट्टा रोज वीस मिनिटं कपाळाला बांधायचा. एका डब्यातून मेंदूला हलका करंट, दुसऱ्यातून सुरुवातीला कपाळाला नुसत्या मुंग्या, मग काहीच नाही. कुठला कोणता, ते शेवटीच कळणार होतं. सासूबाईंनी दोन्हींवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याशिवाय त्यांच्या घरात मिक्सरसुद्धा चालू झालेला नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात हर्षाली एका जागी बसून गणितं सोडवायला लागली आणि रंजनाच्या पोटात दुखायला लागलं. सृष्टी अजून जेवताना तीनदा उठत होती. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हर्षूची वही दाखवत. “होईल हो ताई, सृष्टीचंही होईल,” असं स्नेहा म्हणाली, तेव्हा तर रंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरची हवेशीर खोली स्नेहाला, सासूचं कौतुक स्नेहाला आणि आता खरा करंटही तिच्याच पोरीला! स्नेहा भाजीला गेली तशी रंजनाने डब्यांची जागा बदलली. खालचा नंबर उलटून कोण बघतंय? आपण चोरी केली असं तिला मुळीच वाटलं नाही. आपला वाटा आपण घेतला, एवढंच वाटलं.

चार आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून यादी उघडली. सृष्टीला दिलेला डबा खरा होता. हर्षालीचा नुसत्या मुंग्यांचा.

स्नेहा चकित झाली. मग हर्षू कशाने सुधारली, असं तिने विचारलं. काही मुलं अशीही सुधारतात, बाई म्हणाल्या, आणि पट्टा बांधल्यावर तुम्ही काय करत होतात, असं उलट विचारलं. काही नाही, शेजारी बसून गप्पा मारायचे, स्नेहा म्हणाली. रंजना पट्टा बांधून पोळ्या लाटायला जायची.

“तुम्ही नशीबवान ताई, खरा डबा तुमच्याकडे होता,” स्नेहा म्हणाली. तिच्या बोलण्यात कुसकेपणा नव्हता, आणि तेच रंजनाला सोसेना. चार आठवडे तिने पोटच्या पोरीच्या कपाळाला रिकामा पट्टा बांधला होता, तोही स्वतःच्या हाताने.

बाहेर स्नेहा रिक्षा बघायला पुढे गेली. सृष्टीने आईचा पदर ओढला.

“आई, माझ्या डब्यावरच्या स्वस्तिकाचा एक पाय माझ्या बोटाने पुसला गेला होता. मग तो डबा हर्षूकडे कसा गेला?”

रंजनाने स्नेहा कुठवर गेली ते पाहिलं. हे कधी पाहिलंस, तिने कसंबसं विचारलं.

“ज्या दिवशी बदलला, त्याच दिवशी. काकूला नाही सांगितलं. ती तुझ्यावर चिडली असती.”

या पोरीचं कशात म्हणून लक्ष नसतं, असं रंजना इतकी वर्षं जगाला सांगत आली होती.