तिसऱ्यांदा त्याच गोळ्या

खाणीतून परतलेल्या माणसाच्या फुप्फुसावर डाग दिसला की लेसोथोत कुणी फारशी चौकशी करत नाही. धूळ म्हणायचं, नाहीतर क्षय, आणि गोळ्या सुरू करायच्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत सत्तावीस वर्षं काढलेल्या मोखेथीनं त्या गोळ्या दोनदा संपवल्या होत्या. थुंकीत क्षयाचे जंतू एकदाही सापडले नव्हते. वाटाण्याएवढा डाग मात्र बोराएवढा झाला होता.

"तिसऱ्यांदा द्या गोळ्या," छातीच्या दवाखान्यात तो सिस्टर लिखाबिसोला म्हणाला. "सुई घालून तुकडा काढणं नको. खाणीतल्या आमच्या सेलोला टोचली अन् महिन्यात गेला. टोचलं की आजार चवताळतो."

"मग नळीनं तपासा," बायको मातुमेलो काकुळतीनं म्हणाली. "तोंडातून जाते, छातीला भोक तरी नाही."

सिस्टरनं छातीचा एक्स-रे उजेडात धरला आणि तिकडच्या रीतीनं दोघांना आई-बाबा म्हणत सांगू लागली. "म्मे, नळीत धोका कमी, हे खरं. पण गाठ बरगडीला लागून, पार टोकाला आहे. आपली नळी तिथवर पोचत नाही, बहुधा रिकाम्या हातानं परत येऊ. सुई बाहेरून, स्कॅनमध्ये बघत बघत जाते. तुकडा बहुतेक मिळतो. पण न्ताते, तुमची फुप्फुसं धुळीनं जर्जर झालीत. टोचल्यावर त्यांतून हवा गळू शकते, मग ती काढायला छातीत वेगळी नळी घालून चार दिवस पडावं लागेल. हे मी लपवणार नाही."

"म्हणजे मीही सेलोच्याच वाटेनं जायचं?"

"सेलो आला तेव्हा गाठ यकृतात पोचली होती. तोही तीन वर्षं गोळ्याच खात होता. माझे वडीलही खाणीतच होते. पाळीच्या आधी छताला पहार ठोकायचात ना?"

"सैल दगड कळावा म्हणून."

"ठोकताना पडायचा?"

"कधीकधी. म्हणून बाजूला उभं राहून ठोकायचं."

"पहारीनं सैल केलेला असायचा तो?"

दगड आधीच सैल असायचा, पहार फक्त तो दाखवून द्यायची, हे मोखेथीला पक्कं ठाऊक होतं. न ठोकता आत घुसणाऱ्या पोरांना त्यानं किती शिव्या घातल्या होत्या. आणि स्वतः मात्र दोन वर्षं त्याच छताखाली बसून राहिला होता!

"सुईच टोचा," तो म्हणाला.

हवा गळलीच. तीन दिवस तो छातीत नळी घेऊन पडून होता, आणि मातुमेलोनं सिस्टरशी बोलणंच टाकलं. मग अहवाल आला. कर्करोग होता, पण पसरलेला नव्हता. काढता येणार होता.

पुढच्या वर्षी माजी खाणकामगारांच्या तपासणीच्या रांगेत एक जण सहज म्हणाला, "डाग? धूळच असणार, दुसरं काय." मोखेथीनं सदरा वर करून बरगडीवरचा ऑपरेशनचा लांब व्रण दाखवला.

"थुंकीत काही सापडलं का तुझ्या? नाही ना? मग धूळ म्हणून कुणी सांगितलं तुला?"

मंडळी, कुठली तपासणी सोपी, हे रांगेत विचारू नका. 'माझी गाठ कुठं आहे, तिथवर काय पोचेल आणि धोका किती?' हे डॉक्टरांना विचारा. मग निर्णय घ्या. पण नाव न कळलेल्या आजारावर वर्षानुवर्षं औषध घेत बसू नका, सेलोची तीन वर्षं अशीच गेली.